रेडिमेड हॉस्पिटल बॅग किट घ्यावं का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (आणि तुळशीबागेतल्या खरेदीचाही)

आधीच सांगते, किटला पाचपैकी दोन स्टार देतेय, आणि का ते सविस्तर लिहितेय, कारण आठव्या-नवव्या महिन्यात रात्री झोप लागत नाही म्हणून बायका फोन घेऊन बसतात आणि समोर ही 'ऑल इन वन हॉस्पिटल बॅग' येते, सुंदर फोटो, सगळं एका जागी, आणि वाटतं चला एक काम संपलं. माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या ऑफिसच्या मैत्रिणींनी डोहाळजेवणाला हीच भेट दिली. साडेसहा हजारांच्या आसपासची. प्रेमाने दिली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी पुण्याला आलेली, जुलै महिना, बाहेर पावसाची रिपरिप, आणि हॉस्पिटलमध्ये रात्रीची सोबतीला मी होते, त्यामुळे बॅगेतली एकेक वस्तू प्रत्यक्ष वापरताना काय होतं ते जवळून बघितलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर मी बाकीच्या दोन-तीन कंपन्यांच्या याद्या चाळल्या तर सामान थोड्याफार फरकाने तेच.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे. ही बॅग बाळाच्या फोटोंसाठी भरलेली आहे, बाळंतिणीसाठी नाही. जिला कळा येणार आहेत, जिचे टाके ओढणार आहेत, जिला चार-पाच दिवस धड वाकता येणार नाही, तिच्या वाट्याला या साडेसहा हजारांतलं फार थोडं आलंय. 

आत काय होतं ते सांगते. बाळासाठी विणलेला रोमपर, टोपी, हातमोजे-पायमोजे, फुलाचा हेअरबँड, दोन मसलिनची दुपटी, 'आज मी एक महिन्याचा झालो' असली फोटोत ठेवायची कार्डं, बेबी पावडर, वासाचे वाइप्स, मऊ केसांचा ब्रश, एक दूध पाजायची बाटली. आईसाठी एक फीडिंग गाऊन, पाच पॅड, डिस्पोजेबल पँटी, ब्रेस्ट पॅड, निपल क्रीमची छोटी ट्यूब, प्रवासात नेतात तसल्या शाम्पू-लोशनच्या बाटल्या आणि स्लिपर. बॅग स्वतः मात्र खरंच छान आहे, आत कप्पे आहेत, एक बाजू ओल्या कपड्यांसाठी वेगळी आहे आणि चेन पूर्ण उघडते त्यामुळे आत हात घालून चाचपडत बसावं लागत नाही. दोन स्टारमधला एक या बॅगेचा आणि दुसरा त्या निपल क्रीमचा. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला नीट पकडता येत नाही आणि निपलला चिरा पडतात, तेव्हा बहिणीला त्या ट्यूबने खूप आराम पडला.

आता गाऊन. हा गाऊन मी कधीच विसरणार नाही. दिसायला सुंदर, फिकट गुलाबी, छातीवर दोन्ही बाजूंना उभ्या लपवलेल्या चेन. पण बाई अॅडमिट झाली की सगळ्यात आधी हाताला इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवायची सुई) लावतात, वरून चिकटपट्टी, त्याला सलाईनची नळी. या गाऊनच्या बाह्या मनगटापर्यंत निमुळत्या. हात आत जाईचना. सिस्टरने नळी काढून, सलाईनची बाटली बाहीतून ओवून कसाबसा घातला आणि त्या सगळ्यात सुईच्या जागी ओढ बसून बहीण कळवळली. दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायला घेतलं तर ती चेन बाळाच्या गालाला घासायची, इवलासा गाल, त्यावर लाल रेघ उठली. एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने चेन खाली ओढणं टाके असलेल्या बाईला जमतच नाही हो, दोन हात लागतात त्याला. शेवटी आईने घरून तिचा जुना कॉटनचा, पुढून पूर्ण बटणांचा, ढगळ बाह्यांचा गाऊन आणला आणि डिस्चार्जपर्यंत असेच दोन गाऊन आलटून पालटून वापरले. त्यामुळे कुणी विचारलं तर मी सांगते, पुढून बटणं, कोपरापर्यंत सैल बाही, सुती कापड, गडद रंग. गडद यासाठी की डाग पडतात आणि डाग दिसले की बाईला उगाच ओशाळल्यासारखं होतं, भेटायला माणसं येत असतात.

डिस्पोजेबल पँटी एम साइजच्या होत्या. नऊ महिने भरलेल्या बाईला एम साइज कुठे होणार, बाळ झाल्या झाल्या पोट काही लगेच आत जात नाही. आणि त्यांचं इलॅस्टिक नेमकं ओटीपोटावर, जिथे सिझरचे टाके असतात तिथेच बसतं. बहिणीचं नॉर्मल होईल असंच सगळे धरून चाललेले, पण शेवटी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझर करावं लागलं. तेव्हा पँटी दोन साइज मोठ्या आणि बेंबीच्या वरपर्यंत येणाऱ्या घ्या, नॉर्मल सांगितलं असलं तरी. पॅडचंही तेच. पाच पॅड म्हणजे पहिला दिवस कसाबसा निघतो. आणि ते नेहमीचे, जरा लांब एवढंच. बऱ्याच जणींना वाटतं सिझर झालं म्हणजे अंगावरून जाणार नाही, पण तसं नाही, सिझरमध्येही जातंच आणि सुरुवातीला भरपूर जातं. मॅटर्निटी पॅडची दोन पाकिटं आधीच आणून ठेवा. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये मिळतात पण तिथे छापील किंमत लागते आणि कॅशलेस असलं तरी पॅड, डायपर असल्या वस्तू बहुतेक वेळा विम्यात बसत नाहीत, बिलाच्या शेवटी त्या आपल्याच खिशातून जातात. 

बाळाच्या कपड्यांकडे येते. तो विणलेला रोमपर डोक्यातून घालायचा होता. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची मान धरलेली नसते, त्याला डोक्यातून काही घालायचं म्हणजे अनुभवी बाईचेही हात थरथरतात, आम्ही तर नवीनच. शिवाय नाळेला क्लिप लावलेली असते, ती कोरडी राहायला हवी, हवा लागायला हवी आणि हा रोमपर नेमका तिथे घट्ट. सिस्टरने बघितला आणि बाजूला ठेवून दिला, म्हणाल्या घरी गेल्यावर घाला, इथे बांधायचं झबलं द्या. पावडर तर बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट नको सांगितली, ती श्वासात जाते. वासाचे वाइप्सही नको म्हणाले, त्याऐवजी कापूस आणि कोमट पाणी. बाळाची पहिली शी काळीकुट्ट आणि डांबरासारखी चिकट असते, ती वाइप्सने नुसती पसरते, ओल्या कापसाच्या मोठ्या बोळ्याने मात्र निघते. कापसाचा मोठा रोल किटमध्ये नव्हता, इतकी स्वस्त वस्तू.

आणि ती बाटली. याचा मला मनापासून राग आला. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, डब्याचं दूध आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. कारण साधं आहे, बाटली समोर दिसली की घरातले लगेच म्हणतात दूध येत नाहीये ना मग दे वरचं. सिझरनंतर दूध उतरायला थोडा वेळ लागू शकतो, सुरुवातीला येतो तो चीक, चमचाभरच असतो पण बाळाचं पोटही तेवढंच असतं आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. आमच्याकडे दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडत होतं, बहीण रडत होती, भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी त्या बॅगेतली बाटली बघितली आणि सुरू झालं. ड्यूटीवरच्या सिस्टर देवमाणूस होत्या, त्यांनी बाळाला बहिणीच्या उघड्या छातीवर लावलं, पकड कशी असते ते दाखवलं, अर्धा-पाऊण तास शेजारी उभ्या राहिल्या आणि बाळ चोखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं तर वरचं दूध द्यावंच लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही, वाटी-चमच्याने देता येतं, पण हॉस्पिटलच्या बॅगेत आधीपासून बाटली भरून ठेवायचं काहीच कारण नाही.

आता दुसरी खरेदी, तुळशीबागेतली, हिला मी पाचपैकी साडेचार देते. आईचा त्या किटवर पहिल्यापासून विश्वास नव्हता, ती म्हणाली ते राहू दे पण बाळाचं आपण बघून आणू. राममंदिराच्या आजूबाजूच्या बोळांमध्ये लहान बाळांच्या कपड्यांची छोटी छोटी दुकानं आहेत, त्यातल्या एका अगदी चिंचोळ्या दुकानात आम्ही गेलो, नाव लिहिलं तर जाहिरात वाटेल म्हणून लिहीत नाही. गल्ल्यावरच्या काकूंनी पिशव्या काढायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कितवा महिना? कोणतं हॉस्पिटल, यादी दिलीये का त्यांनी? घरी गॅलरी आहे का, कपडे वाळतात का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत हेच खरं संकट असतं आणि कुठल्याही ऑनलाइन किटला ते विचारावंसं वाटलं नसतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, उन्हाळ्यात दीड डझन लंगोट पुरतात, आत्ता अडीच डझन न्या, आणि हॉस्पिटलपुरते न्यूबॉर्न डायपरचं एक छोटं पाकीट ठेवा, मोठं घेऊ नका, बाळं भराभर वाढतात.

झबली त्यांनी उलटी करून दाखवली. म्हणजे आतली बाजू बाहेर काढून शिवण माझ्या मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर घासली आणि म्हणाल्या, टोचतंय का बघा. एक टोचलं, ते त्यांनी स्वतःच परत घडी करून आत ठेवलं. मलमलची, पुढून एकावर एक येऊन बाजूला बंद बांधायची अंगरख्यासारखी झबली होती, बटण नाही, चेन नाही, बाळाला नुसतं उघड्या झबल्यावर ठेवायचं आणि दोन्ही बाजू गुंडाळून बांधायचं, नाळेपाशी सैल सोडता येतं. टोपडी, कुंची, मोठी दुपटी, खाली घालायला मेणकापड (हल्ली ड्राय शीट म्हणतात, दोन्ही ठेवतात त्या), सगळं मिळून किटच्या निम्म्यापेक्षा बरंच कमी बिल झालं. निघताना म्हणाल्या, कोरं घालू नका, दोनदा साध्या पाण्यात धुवा, खळ असते कापडाला. आमच्याकडे तसंही पहिला कपडा जुनाच घालतात, मामेबहिणीच्या मुलाचं झबलं आणि आजीच्या सुती लुगड्याचं दुपटं आईने जपून ठेवलं होतं, बाळाला ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलं तेव्हा त्यातच गुंडाळलं होतं. पन्नास वेळा धुतलेल्या त्या लुगड्याइतकं मऊ दुकानात काही मिळत नाही हे मात्र खरं.

अर्धा स्टार कमी यासाठी की दुकानात उभं राहायला जागा नाही, नवव्या महिन्यातल्या बाईला तिथे घेऊन जाऊ नका, बदलून देतात पण ऑनलाइन पेमेंटला कुरकुर करतात आणि आईसाठी लागणाऱ्या वस्तू त्यांच्याकडे नाहीत. त्या मेडिकलमधूनच घ्याव्या लागतात.

अजून एक किट सांगायचं राहतंय, जे पैसे देऊन मिळत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सुनेचं पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, तिला राज्य सरकारचं बेबी केअर किट मिळालं. २०१९ मध्ये ही योजना सुरू झाली, सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून पहिलं बाळंतपण तिथे झालं तर साधारण दोन हजार रुपयांचं सामान देतात. मी ते उघडून बघितलं. कपडे, लंगोट, छोटी गादी, ब्लँकेट, थर्मामीटर, नेलकटर, मच्छरदाणी. मच्छरदाणी आणि थर्मामीटर! साडेसहा हजारांच्या बॅगेत हेअरबँड होता पण थर्मामीटर नव्हता, आणि पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूचं काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. कापडाचा दर्जा साधा आहे पण यादी करणाऱ्याने घरी जाणाऱ्या बाळाचा विचार केलाय. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, तो २०११ पासून आहे, बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या सगळं मोफत आहे, नॉर्मल असेल तर ३ दिवस आणि सिझर असेल तर ७ दिवस जेवणही, आणि घरी सोडायला गाडीही. त्या ताईंना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्या बिचाऱ्या पैसे साठवत बसल्या होत्या.

बॅगेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र ना किटमध्ये मिळते ना तुळशीबागेत, ती म्हणजे फाइल. नऊ महिन्यांचे सोनोग्राफी आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट, आई आणि बाळाचं कार्ड (गरोदरपणात तपासण्यांच्या नोंदीसाठी देतात ते), नवरा-बायको दोघांचं आधार, विम्याचं कार्ड, पॅन. बहिणीचा रक्तगट निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, पुढच्या बाळंतपणासाठी. तिने तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावला होता, वर लाल पेनाने मोठ्ठं लिहून, आणि अॅडमिशनला रात्री अडीच वाजता जे डॉक्टर होते त्यांनी तिला कधी बघितलंही नव्हतं, त्यांना ते पहिल्या मिनिटात कळलं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे कराच. जन्मनोंदणीचा फॉर्म हॉस्पिटलमध्येच भरून घेतात, २१ दिवसांत नोंद व्हायला हवी असते, तिथे आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे नीट बघून द्या, नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

बाकी आम्ही जे स्वतःहून भरलं आणि खरंच कामी आलं ते पटपट सांगते. आईसाठी जाड पायमोजे आणि कानाला बांधायला सुती स्कार्फ, ऑपरेशननंतर तिला इतकी हुडहुडी भरली की दात वाजत होते. व्हॅसलिन, कळांमध्ये तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटतात. लांब वायरचा चार्जर. स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली, आडवं पडून पाणी पिता येतं. केसांची दोन रबरं आणि कंगवा. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल, कारण किटमधल्या त्या फरच्या स्लिपर ओल्या बाथरूममध्ये जीव घेतील अशा होत्या. मळके कपडे घरी न्यायला चार-पाच मोठ्या पिशव्या. छोटा थर्मास, पेज आणि मुगाचं पातळ वरण यासाठी, डिंकाचे-अळिवाचे लाडू पहिल्या दिवशी आणू नका, तिला जात नाहीत, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि सोबतीला राहणाऱ्या माणसाची एक वेगळी छोटी पिशवी, चादर, टूथब्रश, बिस्किटं, गोळ्या असतील तर गोळ्या. रात्रभर खुर्चीत बसलेल्या माणसाचं कुणी विचारत नाही पण तोच आजारी पडला तर बाळंतिणीचं कोण करणार.

बॅग साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ ठेवा आणि घरातल्या निदान दोघांना कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे ते माहीत हवं. बहिणीचं पाणी गेलं तेव्हा ती थरथरत होती, तिला विचारून काही सापडलं नसतं.

कुणाला भेट द्यायची असेल आणि असं किट मनात असेल तर त्याच पैशात पुढून बटणांचे दोन चांगले सुती गाऊन, मॅटर्निटी पॅडची दोन पाकिटं, ती क्रीमची मोठी ट्यूब आणि डिजिटल थर्मामीटर द्या. दिसायला भारी नाही दिसणार, पण बाळंतीण आयुष्यभर नाव काढेल. आणि तुळशीबागेत जाणार असाल तर सकाळी दुकानं उघडता उघडता जा, आता मंडईचं मेट्रो स्टेशन झालंय त्यामुळे गाडी लावायची कटकट नाही, हॉस्पिटलने दिलेली यादी सोबत ठेवा, काकू आधी तीच मागतात.